इंजिनाचं हातउसनं

बँकेच्या कर्जखात्यात पंधराएक वर्षं काढलेल्या माणसाला जगात दोनच प्रकारचे जीव दिसू लागतात : कर्जदार आणि जामीनदार. तिसरा प्रकार असतो, नाही असं नाही. पण तो बचतखात्याच्या खिडकीपाशी उभा असतो आणि ती खिडकी आमच्याकडे नाही. त्यामुळे इंजिनासारख्या लोखंडी, तेलकट आणि बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात कुठंही न भेटलेल्या वस्तूकडे पाहतानाही माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की या गृहस्थाला सुरुवातीचं भांडवल पुरवतं कोण?

प्रश्न रास्त निघाला. वाफेच्या इंजिनाचं एक बरं असतं. तास-दोन तास आधी उठून शेगडी पेटवावी लागते, पण एकदा बंब तापला की वाफ आत दाटून दार ठोठावत उभीच असते. झडप उघडली की दट्ट्या हलतो. विजेच्या मोटारीला तर बटण पुरतं. पण पेट्रोल किंवा डिझेल स्वतःच्या पोटात जाळणारं जे इंजिन आहे, त्याची तऱ्हा निराळी. ते आधी हवा आत ओढतं, मग ती दाबतं, मग तेल पेटून दट्ट्या जोरानं ढकलला जातो आणि शेवटी धूर बाहेर टाकला जातो. चार हालचालींपैकी कमाई एकीत. बाकी तीन निव्वळ खर्चाच्या. मध्यमवर्गीय माणसाच्या महिन्याची रचना याहून वेगळी नसते. घोटाळा असा की, पहिली कमाई होण्याआधीच ओढण्याचा आणि दाबण्याचा खर्च करावा लागतो, आणि त्या क्षणी इंजिनाच्या खिशात दमडी नसते. एकदा चालू झालं की ते जडशीळ चाकात थोडा जोर शिल्लक टाकून पुढचे खर्च भागवतं. प्रश्न फक्त पहिल्या खेपेचा.

म्हणजे पहिला जोर बाहेरून कोणीतरी द्यायला हवा. आपल्याकडे कागदाशिवाय, व्याजाशिवाय, नुसत्या ओळखीवर घेतलेल्या रकमेला 'हातउसनं' म्हणतात. इंजिनाच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे.

कार्ल बेंझनं १८८६ साली आपली तीन चाकांची मोटार जगासमोर आणली. तिच्या मागच्या अंगाला जात्यासारखं आडवं एक मोठं चाक होतं. ते दोन्ही हातांनी गरकन फिरवायचं, की इंजिन जागं व्हायचं. पुढं १८८८ साली त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या मोटारीतून मानहाइमहून प्फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभरेक किलोमीटर. वाटेत चढ लागला की मुलं खाली उतरून गाडी ढकलत. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि 'उतरा रे, जरा हात लावा' ही आरोळी, दोन्हींचा जन्म एकाच दिवशीचा. एस.टी.तून उतरून धक्का मारताना आपण उगाच आपल्या देशाला नावं ठेवतो.

पुढं चाक आत लपलं आणि मोटारीच्या नाकाशी हँडल आलं. इंग्रजी 'झेड' अक्षराला मुरगळून केल्यासारखी ती लोखंडी सळई. ती भोकात घालायची, आतल्या दात्यात अडकवायची आणि फिरवायची. यात वरवर पाहता धोका काही दिसत नाही. आमच्या कर्जाच्या फॉर्मातही दिसत नाही.

धोका होता ठिणगीच्या वेळेचा. दट्ट्या वर पोचता पोचता ठिणगी पडली तर इंजिन नीट सुरू होतं. पण ती फार आधी पडली, तर वर चढणारा दट्ट्या उलटा खाली ढकलला जातो आणि हँडल, फिरवणाऱ्याच्या हातासकट, उलटं फिरतं. म्हणून फोर्डच्या सुप्रसिद्ध 'मॉडेल टी'ला चाकाजवळ एक दांडी असे. आधी ती दांडी सरकवून ठिणगी उशिरा पडेल अशी व्यवस्था करायची आणि मगच पुढं जाऊन हँडलला हात घालायचा. जाणती माणसं आणखी दोन पथ्यं सांगत. एक, हँडल खाली दाबू नका, वर ओढा. म्हणजे ते उलटलंच तर मुठीतून निसटून जाईल. दुसरं, अंगठा बाकीच्या चार बोटांच्या पलीकडून वळवू नका, त्यांच्याच बाजूला ठेवा; नाहीतर तो गेलाच म्हणून समजा. हे दुसरं पथ्य वाचून माझ्या अंगावर काटा आला. अंगठ्याची खरी किंमत आमच्या टेबलाइतकी कुणाला ठाऊक असणार? पूर्वी तो शाईत बुडवून कर्जाच्या कागदावर उठवत, आता काचेवर टेकवून आधार जुळवतात.

पथ्यं पाळूनही हात मोडायचेच. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला हाडाचं जे टोक असतं, ते मोडण्याला डॉक्टरांच्या पुस्तकात 'शोफर्स फ्रॅक्चर' असं नाव मिळालं आणि हँडलं गेली तरी ते नाव राहिलं. शोफर हा मूळचा फ्रेंच शब्द. अर्थ, आग पेटती ठेवणारा. त्या बिचाऱ्यानं आग पेटवली, गाडी हाकली, दारं उघडली, साहेबांच्या मडमेच्या कुत्र्यालाही फिरवलं असेल. पण वैद्यकशास्त्रात त्याचं नाव राहिलं ते मोडक्या हाडामुळं. इंजिनावर पितळी पाटी ठोकतात आणि तिच्यावर अश्वशक्तीचा आकडा कोरतात. ते इंजिन सुरू करायला लागलेल्या मनुष्यशक्तीची नोंद मात्र अस्थिरोगाच्या पुस्तकात करावी लागली. खात्याची एक बाजू पाटीवर आणि दुसरी इस्पितळात, असा ताळेबंद आमचे ऑडिटर एक मिनिट चालवून घेणार नाहीत.

खुद्द हेन्री फोर्डच्या घरी काय होतं पाहा. साऱ्या अमेरिकेला हँडल फिरवायला लावणाऱ्या या गृहस्थांची पत्नी क्लारा वापरत होती विजेवर चालणारी 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक'. आवाज नाही, धूर नाही, हँडल नाही. नवऱ्याच्या कारखान्यातल्या मालाविषयी बायकोचं मत काय असतं, हे जाणून घ्यायला याहून मोठा पुरावा नको. 'मॉडेल टी' १९०८ साली आली आणि तिला विजेचा स्टार्टर मिळायला १९१९ साल उजाडलं. तोवर लक्षावधी लोक रोज सकाळी मोटारीपुढं वाकत होते. देवापुढंही माणूस इतका नियमानं वाकत नाही.

हाताला पर्याय शोधायचा तर दुसरा सावकार म्हणजे आग. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये हर्बर्ट ॲक्रॉइड स्ट्युअर्टच्या कल्पनेवरून हॉर्न्सबी कंपनीनं तापल्या गोळ्याची इंजिनं काढली. यांच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असतो. तो आधी ब्लोलॅम्पनं चांगला तापवायचा, म्हणजे आत शिरलेलं तेल त्याच्या धगीनं पेटतं. एकदा चालू झालं की जळणाऱ्या तेलानंच गोळा गरम राहतो. ज्यांनी लहानपणी आईला प्रायमस स्टोव्ह पेटवताना पाहिलं आहे त्यांना हे शास्त्र शिकवायची गरज नाही : आधी वाटीत रॉकेल जाळून स्टोव्ह तापवायचा, मग पंप मारायचा, मग पिन, आणि मग स्टोव्हच्या घराण्याचा उद्धार.

याच जातीचा 'लांझ बुलडॉग' नावाचा जर्मन ट्रॅक्टर १९२१ साली मानहाइमला, म्हणजे बर्थाबाईंच्याच गावी निघाला. फ्रिट्झ ह्यूबर नावाच्या इंजिनिअरची ती करामत. गोळा तापला की शेतकरी ट्रॅक्टरचं स्टिअरिंग चाक दांड्यासकट उपसून काढायचा, ते बाजूच्या जड चाकात खुपसायचा, आणि त्यानंच इंजिनाला हेलकावे द्यायचा. इंजिन धडधडू लागलं की स्टिअरिंग पुन्हा जागच्या जागी. एकाच वस्तूवर दोन कामं भागवण्याची ही काटकसर पाहून ह्यूबरसाहेब पूर्वजन्मी सदाशिव पेठेत राहत असावेत असा मला दाट संशय आहे.

आगीपेक्षा घाई असेल तर दारू. पिण्याची नव्हे, बंदुकीची. पहिलीनं माणसं सुरू होतात, इंजिनं नाही. गेन्सबरोच्या मार्शल कंपनीचा 'फील्ड मार्शल' ट्रॅक्टर १९४५ पासून निघू लागला. त्याचं एकुलतं एक सिलिंडर पिंपाएवढं. हँडल मारायचं नसेल तर त्यात एक काडतूस घालायचं, धुमसणाऱ्या कागदाची एक सुरळी सिलिंडरच्या टाळूत खोचायची आणि काडतुसाच्या बुडावर हातोडी हाणायची. धडाम् आवाज व्हायचा आणि नांगरणी सुरू. आपल्याकडे पेरणीआधी नारळ फोडतात, तिकडं गोळी झाडत. दुसऱ्या महायुद्धातल्या दुसऱ्या आवृत्तीच्या स्पिटफायर विमानांनाही कॉफमन स्टार्टर म्हणून काडतुसाचीच सोय होती. १९६५ सालच्या 'द फ्लाइट ऑफ द फीनिक्स' या चित्रपटात वाळवंटात अडकलेल्या माणसांपाशी अशी मोजकीच काडतुसं उरलेली असतात, आणि जेम्स स्टुअर्ट त्यातलं एक नुसतं सिलिंडर साफ करायला उडवतो. महिनाअखेरीला शेवटच्या शंभरांपैकी वीस रुपये घराच्या झाडलोटीवर घालवणाऱ्या गृहस्थाकडे बायको ज्या नजरेनं पाहील, त्याच नजरेनं इतर माणसं त्याच्याकडे पाहतात.

विमानाचा पंखा हातानं फिरवणं हा तर जीवाशीच खेळ; इंजिन लागताक्षणी मागं सरकलं नाही तर संपलंच. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बेंटफील्ड हक्स या वैमानिकानं त्यावर तोड काढली. 'मॉडेल टी'च्या सांगाड्यावर एक लांब दांडा बसवला, ती गाडी विमानाच्या नाकाला नेऊन भिडवली आणि गाडीच्या इंजिनानं पंखा फिरवला. १९३१ साली कॅटरपिलर कंपनीनं आपल्या डिझेल ट्रॅक्टरलाच एक छोटं पेट्रोल इंजिन कायमचं चिकटवून टाकलं. त्याला तट्टू म्हणत. आधी तट्टू सुरू करायचं, मग तट्टूनं हत्तीला उठवायचं. पण तट्टूला कोण उठवणार? माणूस, हातानं! साहेबांना हेडक्लार्क हलवतो, हेडक्लार्कला शिपाई हलवतो, आणि शिपायाला त्याची बायको सकाळी सहाला. कुठल्याही साखळीच्या शेवटी एक हात असतो, हा कचेरीतला सिद्धान्त लोखंडालाही लागू पडतो.

या सगळ्या उसनवारीवर विजेची मात्रा शोधली ती चार्ल्स केटरिंगनं, आणि हे सांगताना माझी छाती जरा फुगते. कारण तो आमच्या, म्हणजे पैसे मोजणाऱ्यांच्या खात्यातला. डेटन गावच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना त्यानं दुकानाचा गल्ला विजेवर चालवून दाखवला होता. मोटारीचं इंजिन फिरवायला तेवढीच दांडगी विजेची मोटर लागेल, असं जाणकार म्हणत. केटरिंगला गल्ल्यावरून ठाऊक होतं की छोट्या मोटरला क्षणभर कुवतीबाहेर राबवलं तर चालतं, फक्त लगेच विश्रांती द्यायला हवी. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा स्टार्टर बसला. बायरन कार्टर नावाचा मोटार बनवणारा रस्त्यात अडलेल्या एका बाईंच्या मदतीला गेला, हँडल उलटलं, आणि त्या दुखण्यात तो दगावला. म्हणून कॅडिलॅकच्या हेन्री लेलंडनं हा ध्यास घेतला, अशी कथा सांगतात. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. कार्टर १९०८ साली वारला आणि चार वर्षांनी हँडल जायला लागलं, एवढं नक्की. काही सुधारणांचा अर्ज कोणीतरी मेल्याशिवाय मंजूर होत नाही.

आता कोणी म्हणेल, बटण आलं, विषय संपला. तसं म्हणणाऱ्यानं आमच्या मामांचा मळा पाहायला हवा होता.

मामा साताऱ्याकडचे. विहिरीवर विजेचा पंप होता, पण वीज यायची पाळीनं, आणि ती पाळी बहुधा भुतांच्या फेरफटक्याच्या वेळी. म्हणून त्यांनी जुनं डिझेल इंजिन मोडीत घातलं नव्हतं. इंग्लंडातल्या डर्सलीच्या लिस्टर कंपनीचा तो घाट. राजकोटच्या कारखान्यांनी तसलीच इंजिनं घडवून गावोगाव पोचवली, आणि पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाल्यापासून तर 'इंजिन' आणि 'किर्लोस्कर' हे शब्द कित्येक विहिरींवर एकाच अर्थानं चालत आले. डिझेलला ठिणगीही लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून तेलच पेटावं. पण तेवढी हवा हातानं दाबणं भीमालाही जड. म्हणून एक खटका असतो. तो टाकला की झडप उघडी राहते, हवा दाबली जात नाही, हँडल हलकं फिरतं. जड चाकं भरपूर वेगात आली की खटका सोडायचा. चाकांत साठलेला जोर तो अवघड पहिला घाट ओलांडून देतो, एक ठोका पडतो, दुसरा पडतो, आणि पुकपुक सुरू.

मामा धोतराचा सोगा घट्ट खोचत, पाय रोवत आणि हँडलला भिडत. एका उन्हाळ्यात विहिरीत पाणी होतं, वीज चार दिवस नव्हती, आणि वांग्याचं रोप माना टाकत होतं. मामा साठीच्या पुढचे. तीन वेळा खटका सोडला, तीनदा इंजिन खोकून गप्प बसलं. चौथ्या वेळी लागलं. मामा घाम पुसत बांधावर टेकले आणि पाटातून वांग्यांकडे धावणाऱ्या पाण्याकडे बघत मला म्हणाले, "हे इंजान बग, आदी मागतंय, मग देतंय. तुमची बँक आदी देतीया आन् मग जल्मभर मागतीया."

कर्जखात्याच्या कामकाजाचा इतका अचूक अहवाल मी आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकातही वाचलेला नाही.

शहरात हातउसनं पायावर आलं. मोटारसायकलला लाथेनं सुरू करायची युक्ती आल्फ्रेड स्कॉटनं १९०८ साली इंग्लंडात आणली, आणि पुढं दोन पिढ्यांचा मराठी मध्यमवर्ग सकाळी साडेनऊला वाड्याच्या दारात लाथा झाडत उभा राहिला. आमच्या घरची स्कूटर पावसाळ्यात आधी कुशीवर झोपवावी लागे. पेट्रोल कार्ब्युरेटरात उतरावं म्हणून. वडील तिला कलती करून काही क्षण धरत, बाळाला दूध पाजून ढेकर काढतात तशी पुन्हा सरळ करत, आणि मग लाथ मारत. १९७२ साली निघालेल्या पुण्याच्या लूनाला लाथेचीही गरज नव्हती, सायकलसारखे पेडल मारले की झालं. १९८४ साली कायनेटिक होंडा बटण घेऊन आली आणि लाथा मारण्याची कला हळूहळू मागं पडली. रिक्षावाल्यांनी बसल्या जागी दांडा उपसून रिक्षा सुरू करण्याचा ठेका मात्र पुढं पुष्कळ वर्षं चालवला.

यात माझ्यासारख्याला सगळ्यात सोयीचा प्रकार म्हणजे उतार. गाडी उतारावर सोडावी, वेग आला की गिअरमध्ये टाकून क्लच सोडावा. चाकं इंजिनाला फिरवतात आणि ते सुरू होतं. उतार म्हणजे वडिलोपार्जित इस्टेट. आपण काही न करता मिळते, आणि खाली पोचल्यावर संपते. उतार नसेल तर शेजारी. बॅटरी उतरलेल्या माणसाचा अहंकारही त्याच क्षणी उतरतो, आणि जिना चढताना ज्यांना वर्षभर ओळख दाखवली नाही त्यांना 'अहो काका, जरा धक्का देता का?' म्हणावं लागतं. काका देतात. ऑटोमॅटिक गिअरच्या नव्या मोटारींना धक्का मारून भागत नाही. विम्याच्या कंपनीला फोन करावा लागतो. काकांनी काही मागितलं नसतं. कंपनी आधी पॉलिसीचा नंबर मागते.

आणि जिथं वीज मुबलक आहे तिथंही सगळे विजेवर विसंबत नाहीत. न्हावा शेव्याला येणारी अजस्र कंटेनर जहाजं घ्या. त्यांच्या इंजिनाचा एकेक सिलिंडर असा, की आत माणूस उतरून उभा राहील. ते फिरवायला विजेची मोटर नसते, दाबलेली हवा असते. मोठाल्या टाक्यांत ती आधी भरून ठेवतात आणि वेळ आली की सिलिंडरांत सोडतात. जहाज मागं न्यायचं तर यातली बरीचशी इंजिनं बंद करून उलट्या दिशेनं पुन्हा सुरू करावी लागतात, म्हणजे दर वेळी हवा खर्च. म्हणून नियमच आहे, की अशा इंजिनासाठी टाकीत निदान बारा वेळा सुरू करण्याइतकी हवा शिल्लक हवी. याला म्हणतात किमान शिल्लक! आमचे ग्राहक तिच्या नावानं भांडायला येतात. बंदरात शिरणारा कप्तान भांडत नाही, तो मुकाट्यानं टाकीचा काटा बघतो.

तेच जहाज बुडायला लागलं तर? मग जीवरक्षक होडी. तिच्याही इंजिनाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एकतर ते हातानं सुरू होणारं असावं. नाहीतर ते सुरू करायला पुन्हा भरता येणारे दोन ऊर्जासाठे असावेत, आणि ते एकमेकांवर अवलंबून नसावेत. हे वाचलं आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. खवळलेला समुद्र, काळोख, होडीत भिजून कुडकुडणारी माणसं, आणि नियम काय म्हणतो? स्वतःचा हात, नाहीतर दोन जामीनदार, आणि तेही एका घरातले चालणार नाहीत!

गेली पंधरा वर्षं 'दोन कशाला, साहेब?' म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्या प्रत्येक कर्जदाराला मी आता शांतपणे सांगतो, "बसा. तुम्हाला पोहता येतं का?"